आठ चाळीसला तुम्ही कुठे असता?

कुंदाताई घाटे यांच्या विरोधात मी एक पत्रक काढलं होतं, हे आधीच सांगून टाकते. नंतर दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. पत्रकाचं शीर्षक होतं, 'पीछा करने वाले को कुर्सी, पीड़िता को क्या?' मजकूर माझा, उद्गारचिन्हं माझी, आणि फरीदाबादच्या त्यांच्या केंद्राच्या फाटकावर ते वाटायला भर जानेवारीत, धुक्यात, बदरपूर बॉर्डरला बस बदलून गेलेली मीच.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. नांदेडहून दिल्लीला एम.ए. करायला आले आणि एम.ए. अर्धवट टाकून मयूर विहारमधल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर चालणाऱ्या बायकांच्या संघटनेत जाऊन बसले. आमच्याकडे एक टेलिफोन होता, दोन कपाटं होती आणि राग भरपूर होता. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे. मला तेव्हा वाक्य सुचायचं तेच घोषणेसारखं. साधं 'पाणी गरम झालं' म्हणायचं तरी 'कधीपर्यंत सहन करायचं' असा सूर लागायचा.

अनुपमाची केस माझ्याकडे होती. तिचं खरं नाव हे नाही. ती फरीदाबादची. तिथल्याच एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला होती आणि त्याच ऑफिसात नकाशे काढणारा एक जण होता. त्याला आपण हरीश म्हणू. त्यानं एकदा लग्नाचं विचारलं, तिनं एकदा नाही म्हटलं. इतकंच. पुढे तिला गुडगावला नोकरी लागली, त्या नव्या काचेच्या इमारतींपैकी एका इमारतीत. परदेशातल्या लोकांचे विम्याचे कागद इथं बसून तपासायचे. सकाळी आठ चाळीसला कंपनीची बस तिच्या चौकातून निघायची. आणि आठ चाळीसला समोरच्या पानाच्या टपरीपाशी हरीश उभा असायचा. संध्याकाळी गुडगावच्या फाटकाबाहेर हरीश. घरी फोन वाजायचा, उचलला की पलीकडे नुसता श्वास. असं वर्षभराहून जास्त चाललं. तो एक शब्द बोलला नाही, एकदाही जवळ आला नाही.

मी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेले होते. तिथला हवालदार वाईट माणूस नव्हता, नुसता कंटाळलेला होता. म्हणाला, "हाथ लगाया? नहीं. कुछ बोला? नहीं. तो मैडम, सड़क तो सबकी है."

या एका वाक्यावर मी तीन पत्रकं लिहिली.

पण खरा संताप मला वेगळ्याच गोष्टीचा होता. अनुपमाचे वडील भाटियाजी, बँकेतून निवृत्त झालेले, मुलीवर जीव असलेले गृहस्थ. त्यांनी घरात सांगून टाकलं होतं, "एक बार और दिखा, तो नौकरी बंद." म्हणजे मागे फिरणार तो आणि घरात बसणार ही. अनुपमाला ती नोकरी हवी होती. तिनं मला कधी हक्क-बिक्क म्हणून सांगितलं नाही. ती एवढंच म्हणायची, "दीदी, वहाँ मेरी अपनी मेज़ है. उस पे मेरा नाम लिखा है."

या नादात हरीशची नोकरी गेली, आणि मग कधीतरी त्याच्या थोरल्या भावाला लाज वाटली. त्यानं हरीशला एका धर्मादाय दवाखान्यातल्या मनोविकारांच्या डॉक्टरकडे नेलं, आणि त्या डॉक्टरांनी त्याला पाठवलं कुंदाताईंकडे. अनुपमाचा मला फोन आला. "दीदी, सुना उसको कुर्सी बुनना सिखा रहे हैं." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता गोंधळ होता. राग मी पुरवला.

कुंदाताई व्यवसायोपचार करत. हा शब्द मी त्यांच्याकडेच पहिल्यांदा ऐकला. नागपूरला शिकल्या होत्या. यजमानांच्या ट्रॅक्टर कारखान्यातल्या नोकरीपायी फरीदाबादला आल्या आणि एका ट्रस्टच्या दोन खोल्यांत केंद्र चालवू लागल्या. त्यांचे बहुतेक पेशंट अर्धांगाचे, नाहीतर प्रेस मशिनखाली बोटं गेलेले कामगार. फरीदाबादमध्ये अशा हातांचा कधी तुटवडा नसतो. व्यवसायोपचार म्हणजे काय, असं विचारलं की त्या म्हणायच्या, "माणूस दिवसभर जे करतो त्याला आम्ही व्यवसाय म्हणतो. दाढी करतो, तो व्यवसाय. भाजी चिरतो, तो व्यवसाय. जे करता येत नाही ते परत करायला लावायचं. आणि जे थांबवता येत नाही, त्याच्या जागी दुसरं काहीतरी आणून बसवायचं. बास. यात मोठं काही नाही."

तर त्या सकाळी मी फाटकावर उभी. आतून एक ठेंगणी बाई आली. कडक इस्त्रीची सुती साडी, वर विटकरी स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत मागे सारलेल्या, आणि पायांत शाळकरी पोरांचे असतात तसे पांढरे कॅनव्हासचे बूट. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. त्यांनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं आणि तिथंच उभं राहून अथपासून इतिपर्यंत वाचलं. माझी पत्रकं शेवटपर्यंत वाचणारी मी पाहिलेली ती पहिली व्यक्ती.

"खाली नाव तुझंच का? मराठी दिसतेस."

"हो."

"मजकूर बरोबर आहे. घडी वाईट आहे."

"काय?"

"घडी. बघ ना, कोपऱ्याला कोपरा नाही. माणूस हातात घेतो आणि पहिल्यांदा त्याला दिसतं की हे घाईत केलंय. किती आहेत?"

मी गठ्ठा दाखवला. त्यांनी तो माझ्या काखेतून सरळ काढून घेतला आणि आत नेला. मी मागोमाग, कारण गठ्ठा माझा होता. आत लांब बाकावर पाच-सहा माणसं बसली होती. ताईंनी प्रत्येकासमोर पत्रकांची थप्पी ठेवली. "ये सब खोलके फिरसे मोड़ना है. तीन घडी. कोना से कोना. मेरे को बारा बजेतक होना." नागपुरी हिंदी अशी बिनधास्त बोलत की बाकावरचा रामसजीवन नावाचा एक कामगार रोज त्यांची नक्कल करायचा, त्यांच्या तोंडावर.

बाकाच्या टोकाला काळा कोट घातलेला, केस नीट विंचरलेला एक तरुण होता. त्यानं पहिलं पत्रक उलगडलं आणि तो वाचू लागला. त्याचे कान लाल होत गेलेले मी बघत होते. हाच तो, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

ताई त्याच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. "हरीशजी, पढ़ना बाद में. पहले कोना मिलाओ."

त्यानं कोपरा जुळवला. स्वतःच्या निषेधाची जवळजवळ दीडशे पत्रकं त्या माणसानं त्या दिवशी मुडपली आणि खोटं कशाला बोलू, घड्या सुरेख होत्या.

मी भांडायलाच आले होते, आणि भांडण असं सोडणारी मी नव्हते. ताईंनी मला मागच्या छोट्या स्वयंपाकघरात नेलं, समोर परात ठेवली आणि मटारची पिशवी उलटी केली.

"भांडायचंय ना? भांड. पण सोलत सोलत. रिकाम्या हातांनी माणूस नुसतं वाईट भांडतो."

मी भांडले. गुन्हेगाराला लाडावताय, म्हणाले. त्याला समुपदेशन, त्याला चहा, त्याला बिस्किटं, आणि ती पोरगी रोज जीव मुठीत धरून बस पकडते. ताई ऐकत होत्या. त्यांची बोटं शेंगेवरून अशी फिरत की दाणे आपण होऊन बाहेर येत असावेत असं वाटावं.

"समुपदेशन मी करत नाही," त्या म्हणाल्या. "ते डॉक्टर करतात. मी त्याला तिच्याबद्दल एक शब्द बोलू देत नाही. पहिल्या दिवशी रडायला लागला. म्हणे, मैं उससे प्यार करता हूँ. मी म्हटलं, ठीक है, वो आपका मामला है. आठ चालीस पे आप किधर होते?"

मग त्यांनी मला एक कागद दाखवला. जेवणाचं ताट उपडं ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवून काढलेलं वर्तुळ, त्याचे चोवीस भाग. प्रत्येक नव्या पेशंटला हे करायला लावायच्या. झोप निळी, काम हिरवं, खाणंपिणं पिवळं. हरीशच्या वर्तुळात लाल रंगाचे सहा भाग होते. जाणं, उभं राहणं, परत येणं, फोन, आणि उद्या कुठे उभं राहायचं याचा विचार.

"सहा तास," ताई म्हणाल्या. "बिनपगारी, आणि सुट्टी नाही. अगं, ही पूर्णवेळ नोकरी आहे. तुम्ही त्याला म्हणता, सोड. तो सोडेल. आणि सकाळी आठ चाळीसला करेल काय? तो सहा तासांचा खड्डा कोण भरणार? तू?"

"त्याच्या खड्ड्याशी मला काही देणंघेणं नाही."

"नसू दे. मला आहे. तिच्याचसाठी आहे."

मी हाताशी होता तो प्रश्न फेकला. "तुम्ही तिला विचारलंत? अनुपमाला? याला इथं घेण्याआधी?"

ताईंची बोटं पहिल्यांदाच थांबली.

"नाही," त्या म्हणाल्या.

"का नाही?"

"माझ्याकडे पेशंट येतो. ज्याला त्याचा त्रास झाला, ते माणूस येत नाही." मग पुढची शेंग उचलत, "हे चुकलंच. तू तिला विचारशील? कुठले तास तिला मोकळे हवेत, एवढंच. बाकी काही नको."

वाद घालणाऱ्या माणसाचं म्हणणं इतक्या लवकर मान्य करू नये असं माझं तेव्हा मत होतं. त्यामुळे मी थोडी नाराजच झाले. पण विचारून आले. अनुपमा म्हणाली, सकाळचे. सकाळ एकदा नीट गेली की दिवस माझा असतो.

त्यातून ती पद्धत ठरली. हरीशनं आठ वाजता केंद्रात यायचं आणि साडेदहापर्यंत बाकावर बसायचं. तो बसला की कुंदाताई अनुपमाच्या घरी फोन करायच्या. त्या घरात फोन वाजला की सगळे दचकत, हे मी त्यांना सांगितलं होतं. म्हणून त्या उचलल्याबरोबर, पलीकडच्यानं 'हॅलो' म्हणायच्या आत, मोठ्यानं आणि एका दमात म्हणायच्या, "नमस्ते, मैं कुंदा बोल रही हूँ, बैठ गया." पहिले दोन आठवडे पलीकडून नुसतं "जी" यायचं. मग अनुपमाच्या आईनं एकदा विचारलं, आपके यहाँ धूप निकली क्या. मग लोणच्याचं निघालं. फेब्रुवारीत मी एकदा सकाळी केंद्रात गेले तर ताई फोनवर भाटियाबाईंना लिंबाच्या लोणच्यात साखर कधी घालायची ते समजावत होत्या आणि हरीश तीन हातांवर बसून वेत ओढत होता. आपण कुणाच्या घरात बोलतोय हे त्या कधी उच्चारत नसत. त्यालाही कळू देत नसत, असं आम्हाला वाटायचं.

वेताची खुर्ची विणणं वाटतं तेवढं सोपं नाही. वेत ओला असतो तोवरच वळतो, एक पट्टी ढिली पडली की पुढच्या सगळ्या ढिल्या पडतात. हरीशला हे शिकवलं ते ताईंनी नाही, रामसजीवननं. त्याच्या उजव्या हाताला दोनच बोटं उरली होती, आणि त्या दोन बोटांनी तो विणायचा. हरीश इथं कशापायी आलाय हे त्याला कळलं तेव्हा त्यानं हातातली ओळ पुन्हा ओढून घट्ट केली. मग म्हणाला, "छह घंटा रोज? भाईसाहब, छह घंटे में तो आदमी कुर्सी की पीठ भी बुन ले, और सीट भी." सगळे हसले. हरीश हसला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं किती वेळात किती ओळी झाल्या ते खडूनं बाकावर लिहायला सुरुवात केली.

ताईंची आणखी एक सवय होती. भिंतीवर एक जाड रजिस्टर टांगलेलं असायचं. कोण कधी आला, कधी उठला, मध्ये कुठे गेला, सगळं मिनिटासकट त्या स्वतः लिहीत. पहिल्या दिवशी प्रत्येकाला ते दाखवत. "ये आपके काम का भी है, आपके खिलाफ का भी. दोनों एकही किताब में." कामगारांना भरपाईच्या खटल्यांत ते उपयोगी पडायचं. आणि मालकांनाही, कुणी आजारपण लांबवत असेल तर. ताईंना त्यात काही विसंगती वाटत नसे.

मार्चपर्यंत हरीशच्या वर्तुळातला लाल रंग सहा भागांवरून अर्ध्या भागावर आला. मला हे आवडत नव्हतं हे कबूल केलं पाहिजे. तो सुधारतोय हे बघणं म्हणजे माझ्या रागाखालची जमीन कुणीतरी हळूहळू काढून घेतंय असं वाटायचं. ताईंना ते दिसत होतं. एकदा म्हणाल्या, "तू रागावलेली राहा. तुझ्या रागाचं काम वेगळं आहे. फक्त माझ्या बाकावर नको सांडूस."

मग एप्रिलच्या अखेरीस अनुपमाच्या कंपनीनं तिची शिफ्ट बदलली. आता बस दुपारी दोनला. मी लगेच ताईंना फोन केला. हरीशची वेळ बदला, दुपारची करा.

"त्याला सकाळ आता कुठे अंगवळणी पडलीय," त्या म्हणाल्या.

"ताई, तिला कुठले तास मोकळे हवेत तेच बघायचं, असं ठरलंय ना आपलं?"

त्या म्हणाल्या, बरोबर आहे. दुसऱ्या दिवसापासून हरीशची वेळ साडेबारा ते तीन झाली. सकाळचा फोन दुपारी जाऊ लागला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पहिल्याच रविवारी केंद्र बंद होतं. अनुपमाला नव्या शिफ्टमध्ये रविवारचीही ड्यूटी होती. दुपारी दोनला ती चौकात आली तेव्हा टपरीपाशी हरीश उभा होता.

तो हलला नाही, बोलला नाही. बस आली, ती चढली. गुडगावला पोचल्यावर तिनं घरी फोन केला आणि हे सांगितलं, कारण तिला खोटं बोलता येत नाही. भाटियाजी म्हणाले, बस. कल से घर.

सोमवारी मी केंद्रात पोचले ती पत्रकाची पहिली ओळ डोक्यात तयार करूनच. आत ताई हरीशसमोर एका बुटक्या, अर्धवट विणलेल्या खुर्चीच्या चौकटीवर टेकल्या होत्या.

"आपको कैसे मालूम पड़ा?" त्यांनी विचारलं.

"आपने बताया, मैडम."

"मैंने?"

"सुबह का टाइम था, आपने दोपहर का कर दिया." त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. एखादं साधं गणित सांगावं तसं तो सांगत होता. "क्यों किया, ये तो बच्चा भी समझ लेगा. मैं बस देखने गया था कि सही समझा या नहीं."

रामसजीवननं हातातला वेत खाली ठेवला.

ताईंनी रजिस्टर काढलं. सोमवारच्या पानावर त्यांनी हरीशचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, वेळ टाकली. मग मला घेऊन मागे आल्या. मला वाटलं, आता सारवासारव करतील. मी त्यासाठीच तयार होते.

"तीन महिने," त्या म्हणाल्या, "तीन महिने मला वाटलं की मी त्याच्या दिवसाला आकार देतेय. आणि साचा कुठला घेतला? तिच्या दिवसाचा. ती निघते तेव्हा तो बसतो, ती पोचते तेव्हा तो उठतो. म्हणजे तो तिच्या मागेच होता की. फक्त बसल्या जागी. आणि त्याला रस्ता मी दाखवत होते."

मी म्हणाले, "वेळ बदला असं मी सांगितलं होतं."

"तू पत्रकं लिहितेस. हे मला कळायला हवं होतं, ते माझं शिक्षण आहे." आणि त्या बुटांच्या नाड्या बांधू लागल्या.

आम्ही भाटियाजींच्या घरी गेलो. भाटियाबाईंनी कुंदाताईंना पहिल्यांदा पाहिलं, पण आवाज ओळखीचा असल्यामुळे आधी पाणी आणलं आणि मग रडल्या. ताईंनी पाणी पिऊन सरळ सांगितलं, चूक कशी झाली, कोणाची झाली. एकही जड शब्द नाही. भाटियाजी शांतपणे म्हणाले, "बहनजी, आपकी ईमानदारी सर आँखों पर. लेकिन लड़की हमारी है."

"लड़की आपकी है," ताई म्हणाल्या. "गलती मेरी है. सजा उसको क्यों?"

ताईंनी मान वळवून अनुपमाकडे पाहिलं. "बेटा, तेरे को क्या होना?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिला त्या घरात कुणी विचारला नसावा. मीही नाही. मी तिच्या वतीनं बोलत होते.

"मुझे काम पे जाना है," अनुपमा म्हणाली.

शेवटी भाटियाजी म्हणाले, एक महिना. एक महिना बघतो. पण मुलगी चौकात एकटी उभी राहणार नाही, आणि माझे गुडघे मला तिथवर नेत नाहीत.

"मेरे नेते हैं," ताई म्हणाल्या.

आता पुढचं मला आजही पूर्ण पटलेलं नाही, तरी सांगते. त्याच आठवड्यात कुंदाताई रजिस्टर घेऊन ठाण्यात गेल्या. तो कंटाळलेला हवालदार म्हणाला, सड़क तो... ताईंनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. त्याच्या टेबलावर रजिस्टर उघडलं. तारीख, वेळ, हरीशच्या तोंडचं वाक्य, खाली हरीशची सही. पाठीमागच्या कप्प्यात ते वर्तुळ, सहा लाल भाग त्याच्याच हातानं रंगवलेले. ज्या पुराव्यासाठी आम्ही वर्षभर डोकी फोडली, तो केंद्रातल्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता. सही त्यानं कशी दिली, मी विचारलं. "पहिल्या दिवशीच सांगितलं होतं ना त्याला, दोन्ही कामांचं पुस्तक आहे म्हणून," ताई म्हणाल्या. पोलिसांनी हरीशला अधिकाऱ्यापुढे उभं केलं, चांगल्या वर्तणुकीचा जामीन लिहून घेतला, पुन्हा दिसलास तर आत, असं सांगितलं. माझ्या दृष्टीनं हा विजय होता. मी पेढे आणायच्या विचारात होते.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तोच हरीश त्याच बाकावर, आणि ताई त्याच्यापुढे नव्या खुर्चीची चौकट ठेवतायत.

"तुम्ही त्याला पोलिसात दिलंत," मी म्हणाले.

"दिलं."

"आणि आता शिकवताय."

"मग काय करू? जामीन लिहून दिला म्हणून त्याचे चोवीस तासांचे तेवीस झाले का?"

फक्त आता त्याचं वेळापत्रक कुणाच्याही बसवरून ठरत नव्हतं. एका शाळेच्या खुर्च्या दुरुस्तीला आल्या होत्या, त्या कधी द्यायच्या यावरून ठरत होतं. नऊ ते पाच, रविवार धरून. रविवारी केंद्र उघडायला ताई स्वतः येत. आणि अनुपमाच्या घरचा फोन त्यांनी बंद केला. मी विरोध केला, घरच्यांना धीर येतो म्हणाले. त्या म्हणाल्या, "रोज त्या घरात मी त्याची हजेरी लावत होते. नाव न घेता का होईना, रोज सकाळी तो तिथं जाऊन बसत होता." चौथ्या दिवशी भाटियाबाईंचाच फोन आला. लोणच्याला बुरशी धरली होती.

पुढे हरीशला भावानं पानिपतला एका फर्निचरवाल्याकडे कामाला लावलं. तो बरा झाला का, असं मी ताईंना विचारलं होतं. "ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तो आज कामावर गेला, एवढं माहीत आहे." आमच्या संघटनेत हे उत्तर कुणालाच आवडलं नाही. मलाही ते आवडलं नाही. पण मी त्यानंतर पत्रकात 'सुधारलेला' आणि 'न सुधारणारा' हे दोन्ही शब्द लिहायचे सोडले.

मे महिनाभर रोज दुपारी पावणेदोनला कुंदाताई त्या चौकात उभ्या असायच्या. फरीदाबादची लू ज्यांनी खाल्ली नाही त्यांना हे कळणार नाही. तोंडावर कुणीतरी तव्याची वाफ सोडतंय असं वाटतं. ताई छत्री घेऊन, कॅनव्हासचे बूट घालून, ओल्या पंच्यानं डोकं गुंडाळून यायच्या. अनुपमाशी फार बोलत नसत. टपरीवाला त्यांना बसायला खोकं द्यायचा. पहिल्या दिवशी त्या त्यावर बसल्या नाहीत, त्याची एक फळी डगमगत होती ती त्यांनी दुसऱ्या दिवशी हातोडी आणून ठीक केली आणि मग बसल्या.

महिना संपला त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. संघटना मला जूनपासून लखनौला पाठवत होती आणि ताईंचे यजमान निवृत्त होऊन नागपूरला परतायची तयारी चालली होती, त्यामुळे हीच शेवटची भेट. अनुपमा आली. केस कापले होते तिनं, खांद्यावर नवी पर्स. म्हणाली, "आंटी, कल से आप मत आना. पापा से बात हो गई. मैं अकेली आ जाऊँगी."

"अच्छा," ताई म्हणाल्या. चेहऱ्यावर काही नाही.

बस वळणावर दिसली. अनुपमा घाईनं म्हणाली, "और आंटी, अगले हफ़्ते से मेरी शिफ़्ट फिर बदल रही है, अब से मैं..."

सवयीनं माझा हात पिशवीतल्या वहीकडे गेला.

ताईंनी तळहात वर केला. "नहीं," त्या म्हणाल्या. "मत बताओ. मेरे को भी नहीं, इसको भी नहीं. तू कब जाती, कब आती, वो तेरा तेरे पास रहने दे."

अनुपमा त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसली आणि बसमध्ये चढली. मी बसकडे बघत होते. तिला खिडकीची जागा मिळाली का, ती हात हलवते का, हे मला बघायचं होतं. बस निघाली तेव्हा मी बाजूला पाहिलं, तर कुंदाताई तिथं नव्हत्या. त्यांनी केव्हाच बसकडे पाठ केली होती आणि छत्री उघडून, रस्त्याच्या कडेकडेनं सावली शोधत, त्या आपल्या बाकाकडे निघाल्या होत्या.